दवाखान्यातल्या हवेची जबाबदारी कोणाची? कॅलिफोर्नियाचा नियम ५१९९, सोप्या भाषेत

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कामगार खात्याने एक जुनी फाईल मिटवली. दवाखान्यांत आणि इस्पितळांत काम करणाऱ्यांना कोविडपासून वाचवण्यासाठी कायमचा नियम करायचा, असं २०२१ पासून चाललं होतं. ते आता करायचं नाही असं ठरलं. त्याच महिन्यात पश्चिम टेक्सासमध्ये गोवराची साथ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचं जाहीर झालं, तोवर एकट्या टेक्सासमध्ये ७०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले होते.

गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू त्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे सकाळी दहाला तपासून गेलेल्या मुलामुळे साडेअकराला खोली आवरायला आलेल्या बाईंना गोवर होऊ शकतो. मग त्या बाईंना सांगायचं कोणी, किती वेळात, आणि त्यांच्या रजेचे पैसे कोण देणार? टेक्सासमध्ये या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारा कामगार-सुरक्षेचा नियम नाही. कॅलिफोर्नियात तो २००९ पासून आहे.

केंद्र असताना राज्याचा वेगळा नियम कशाला?

अमेरिकेत कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा १९७० चा. तो राबवणाऱ्या यंत्रणेला ‘ओशा’ म्हणतात. त्याच कायद्यात राज्यांसाठी एक दार उघडं ठेवलं आहे: स्वतःची यंत्रणा उभारायची असेल तर उभारा, पण तुमचे नियम आमच्याइतके तरी परिणामकारक हवेत. जास्त कडक असले तरी चालतील. भाडेकरूंच्या करारासारखंच हे आहे. सोसायटीच्या नियमांपेक्षा घरमालक अधिक अटी घालू शकतो, कमी नाही.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, मिशिगन, व्हर्जिनिया या राज्यांनी अशी पूर्ण यंत्रणा उभारली. टेक्सास आणि फ्लोरिडा यांनी नाही. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी यांची यंत्रणा फक्त राज्य आणि स्थानिक सरकारी नोकरांपुरती आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या खाजगी दवाखान्यात काम करणारी मराठी नर्स केंद्राच्या छत्राखाली येते आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधली तिची मैत्रीण राज्याच्या. काम तेच, नियम निराळे.

राज्यानं आधी करायचं आणि केंद्रानं मागून यायचं, हे इथे पूर्वीही झालं आहे. वापरलेली सुई टोचून कावीळ किंवा एचआयव्ही होऊ नये म्हणून सुरक्षित सुया सक्तीच्या करणारा कायदा कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये केला आणि २००० मध्ये केंद्राने तसाच कायदा मंजूर केला. हवेतून पसरणाऱ्या रोगांबाबत मात्र केंद्र मागून आलंच नाही. टीबीसाठीचा केंद्रीय मसुदा १९९७ मध्ये निघाला आणि २००३ च्या शेवटच्या दिवशी मागे घेतला गेला. त्याच वर्षी सार्सची साथ आली होती, हे विशेष. त्या रिकाम्या जागेत कॅलिफोर्नियाने स्वतःचा नियम लिहिला. राज्याच्या नियमावलीत त्याचा क्रमांक ५१९९. तो लागू झाला ५ ऑगस्ट २००९ ला. तारीख पुणेकरांना चटकन आठवेल: दोनच दिवस आधी पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला होता आणि शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं.

हा नियम नेमका कोणाला?

रोगी जिथे येण्याची शक्यता जास्त, तिथल्या नोकरदारांना. इस्पितळं, दवाखाने, वृद्धांची शुश्रूषालयं, रुग्णवाहिका, प्रयोगशाळा आणि शवागारं यात येतात. तुरुंग, बेघरांचे निवारे आणि व्यसनमुक्ती केंद्रंही येतात, आणि ते योग्यच आहे. टीबीला दाटीवाटी लागते, इस्पितळ लागत नाही.

आयटी कंपनीतल्यांना ५१९९ लागू नाही. त्यांच्यासाठी कोविडचे वेगळे राज्य-नियम होते, ते ३ फेब्रुवारी २०२५ ला संपले. आता साध्या कचेरीत उरला आहे तो सर्वसाधारण नियम: प्रत्येक मालकाकडे दुखापत आणि आजार टाळण्याचा लेखी कार्यक्रम हवा. त्यात साथीच्या रोगासाठी काय लिहायचं हे बरंचसं मालकावर सोडलेलं आहे.

रोगांचे दोन गट

पूर्ण नियम समजायला एवढा एक भेद पुरतो. खोकल्याबरोबर उडणारे मोठे थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतात. फ्लू, डांग्या खोकला आणि गालगुंड हे या गटातले. त्यांना साधा सर्जिकल मास्क, अंतर आणि हात धुणं ही मुख्य काळजी. दुसऱ्या गटातले कण इतके बारीक असतात की उन्हाच्या तिरिपेत तरंगणाऱ्या धुळीसारखे ते हवेतच राहतात. टीबी, गोवर, कांजिण्या हे या गटातले. पूर्वी न पाहिलेला, अनोळखी रोग आला तर त्यालाही याच गटात धरायचं. नियमाची खरी ताकद या दुसऱ्या गटासाठी खर्च झाली आहे.

पाच तास आणि बारा वेळा

हवेतून पसरणाऱ्या रोगाचा संशय आला की रुग्णाला मास्क द्यायचा, इतरांपासून वेगळं बसवायचं आणि ५ तासांच्या आत त्याला आयसोलेशन रूममध्ये हलवायचं. खोली आपल्याकडे नसेल तर जिथे असेल तिथे पाठवायचं. रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णासाठी आणि कुठेच खोली नसेल तेव्हासाठी सवलती आहेत, पण मग तशी नोंद ठेवावी लागते.

आयसोलेशन रूम म्हणजे नुसती बंद खोली नव्हे. तिच्या दोन अटी आहेत. पहिली अट, तासाला किमान १२ वेळा हवा बदलली पाहिजे. ‘१२ वेळा’ म्हणजे दर ५ मिनिटांनी हवा नवीकोरी होते असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. निळीच्या पाण्याने भरलेल्या बादलीवर नळ सोडा. बादलीभर स्वच्छ पाणी आत गेलं तरी पाणी पांढरं होत नाही, कारण नवं पाणी जुन्यात मिसळूनच बाहेर सांडतं. हिशेबाने सुमारे ३७ टक्के नीळ तेव्हाही आतच असते. दुसऱ्या बादलीनंतर साधारण १४ टक्के, तिसरीनंतर ५ टक्के. हजारातला एकच भाग उरायला जवळजवळ सात बादल्या लागतात. दर ५ मिनिटांची एक बादली धरली तर ३५ मिनिटं. म्हणून तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतून रुग्ण गेल्यावर ३५ मिनिटं मास्कशिवाय आत जायचं नाही. तासाला ६ वेळाच बदलत असेल तर हीच वेळ ६९ मिनिटं होते आणि दोनच वेळा बदलत असेल तर साडेतीन तासांच्या आसपास जाते. खोली लवकर मोकळी करा म्हणून घाई करणाऱ्या व्यवस्थापकाला हा हिशेब जरूर ऐकवावा. खोलीतली हवा सगळीकडे सारखी मिसळते हे इथे गृहीत धरलं आहे. कोपऱ्यात हवा साचत असेल तर वेळ आणखी वाढते.

दुसरी अट निगेटिव्ह प्रेशरची. खोलीतला दाब बाहेरच्या कॉरिडॉरपेक्षा किंचित कमी ठेवायचा, म्हणजे फटींतून हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा जोरात चालू असला की बंद दाराखालून वारा आत ओढला जातो, तेच इथे होतं. फरक अगदी थोडा असतो, २.५ पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) असला तरी काम होतं. एवढा थोडा फरक बिघडायलाही वेळ लागत नाही. दाराला पाचर लावून ठेवलं, छताची एक फरशी सरकली, फिल्टर कोंदला किंवा उकडतंय म्हणून कोणी खिडकी उघडली की संपलं. भिंतीवरचं मीटर मात्र हिरवा दिवा दाखवत राहू शकतं.

म्हणून नियम म्हणतो, खोलीत रुग्ण असेल तर हवेची दिशा रोज डोळ्यांनी पाहा. त्यासाठी टिश्यूची एक पट्टी पुरते. दार बंद करायचं, बाहेर उभं राहून पट्टी दाराखालच्या फटीशी धरायची. ती आत ओढली गेली तर ठीक. लोंबकळत राहिली किंवा आपल्या बाजूला फडफडली तर त्या खोलीत रुग्ण ठेवायचा नाही.

एन-९५ दिला की झालं?

नाही. एन-९५ चा कागद ९५ टक्के बारीक कण अडवतो, पण कडेने फट राहिली तर हवा सोपी वाट शोधते आणि कागदातून जातच नाही. झाकण नीट न बसलेल्या कुकरसारखं आहे. भांडं कितीही मजबूत असलं तरी वाफ रिंगमधून निघून जाते. त्यासाठी मास्क चेहऱ्यावर बसतो का याची फिट टेस्ट वर्षातून एकदा करावी लागते आणि तिचा खर्च मालकाचा.

टेस्ट पाहायला गंमतशीर असते. आधीची १५ मिनिटं साध्या पाण्याशिवाय काही खायचं, प्यायचं नाही, च्युइंगमसुद्धा नाही. डोक्यावर पारदर्शक टोप घालून मास्कशिवाय आत सॅकरिनचा हलका फवारा मारतात. गोड लागलं की सांगायचं. तुमची जीभ चव ओळखते का हे त्यावरून कळतं. ३० फवाऱ्यांतही चव कळली नाही तर दुसरं द्रावण घेतात, कडूजहर. मग तोंड धुऊन मास्क लावायचा आणि त्याच टोपात अधिक दाट द्रावणाचा फवारा सोसत एकेक मिनिट सात गोष्टी करायच्या: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने बोलणं, कमरेतून वाकणं, पुन्हा साधा श्वास. मध्येच गोड लागलं तर नापास. मग दुसरा साइज किंवा दुसऱ्या कंपनीचा मास्क घेऊन पुन्हा पहिल्यापासून. पास झालेलं मॉडेल लिहून ठेवा. कपाटात स्वस्तात आलेला वेगळा मास्क ठेवला गेला तर तुमची टेस्ट त्याला लागू होत नाही. प्रत्यक्षात सर्वात जास्त गफलत इथेच होते.

मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी चालत नाही, कालची खुंटंसुद्धा नाही. धर्मामुळे दाढी ठेवणाऱ्यांसाठी पंख्याने गाळलेली हवा पुरवणारा सैल टोप असतो, त्याला फिट टेस्ट लागत नाही. असा हवा पुरवणारा मास्क आणखी एका ठिकाणी सक्तीचा आहे. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणं, दुर्बीण घालणं, मुद्दाम खोकवून बेडका काढणं किंवा अशा मृताचं शवविच्छेदन, ही कामं करताना साधा एन-९५ पुरेसा धरला जात नाही.

लस जबरदस्तीने टोचतात का?

या नियमाखाली नाही. नियमाची सक्ती मालकावर आहे, कर्मचाऱ्यावर नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, डांग्या खोकल्यासहची धनुर्वाताची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस मालकाने फुकट द्यायची. नव्या माणसाला कामावर आल्यापासून १० कामाच्या दिवसांत त्या देऊ करायच्या. नको असेल तर ठरलेल्या मजकुराच्या कागदावर सही करायची. पुढे मन बदललं तर लस मागता येते आणि मालकाला ती द्यावी लागते. इस्पितळाच्या किंवा स्थानिक आरोग्य खात्याच्या वेगळ्या अटी असू शकतात, त्या या नियमाच्या खात्यात धरू नयेत.

संसर्ग झाल्याची शंका आली तर?

आपल्या सुरुवातीच्या बाईंकडे परत येऊ. रुग्णाला गोवर आहे असं कळलं की दवाखान्याने स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं. त्यानंतर जास्तीत जास्त ७२ तासांत कोण, कधी, किती जवळ होतं याची तपासणी पुरी करायची. ज्यांना धोका झाला असेल त्यांना जास्तीत जास्त ९६ तासांत तारीख, वेळ आणि प्रसंग सांगायचा. रुग्णवाहिकेतले लोक दुसऱ्या कंपनीचे असतील तर त्या कंपनीलाही कळवायचं, पण रुग्णाचं नाव न सांगता.

यात एक मेख आहे, जी वरवर वाचताना निसटते. गोवराच्या संपर्कानंतर लस उपयोगी पडते ती पहिल्या ७२ तासांत. इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन सहा दिवसांपर्यंत चालतं. मालकाने ९६ तास पूर्ण वापरले तर लसीची वेळ निघून गेलेली असेल. म्हणूनच नियमात आकड्याआधी शब्द आहेत: ‘त्या रोगाला साजेशा मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत अमुक तासांच्या आत’. ९६ तास हा शेवटचा खांब आहे, ठरलेली वेळ नव्हे. टीबीला चार दिवसांनी फरक पडत नाही, गोवराला पडतो.

पुढचा भाग पैशाचा. गोवराची प्रतिकारशक्ती नसलेल्या आरोग्य-कर्मचाऱ्याला पहिल्या संपर्काच्या पाचव्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतर २१ व्या दिवसापर्यंत कामावर येऊ देत नाहीत. ती आजारी नसते, रोग होईल का याची वाट पाहत असते. डॉक्टरांनी असं खबरदारी म्हणून दूर ठेवलं तर ५१९९ प्रमाणे पगार, ज्येष्ठता आणि इतर हक्क चालू राहतात. हे कलम नसेल तर संपर्क लपवण्याकडे कल होतो, कारण अडीच आठवडे बिनपगारी राहणं तासाच्या बोलीवर काम करणाऱ्यांना परवडत नाही.

छोट्या दवाखान्याने एवढं कुठून आणायचं?

हा आक्षेप सर्वात जास्त ऐकू येतो आणि अर्धा खरा आहे. पण कोपऱ्यावरच्या दवाखान्याने आयसोलेशन रूम बांधावी असं नियम म्हणतच नाही. असे दवाखाने ‘पुढे पाठवणारे’ या गटात येतात. त्यांनी ओळखायचं, मास्क द्यायचा, वेगळं बसवायचं आणि पाठवून द्यायचं. दातांच्या दवाखान्याला तर अटीवर सूट आहे: अशा रुग्णावर उपचार करायचे नाहीत, आल्यागेल्याची चौकशी करण्याची लेखी पद्धत हवी आणि कर्मचाऱ्यांना ती शिकवलेली हवी. खर्च मोठ्या इस्पितळाचा, छोट्याला लागते ती शिस्त. ‘खोकला किती दिवसांचा? ताप? अंगावर पुरळ?’ हे काउंटरवरच विचारलं नाही तर आतली सगळी यंत्रणा वाया जाते. रुग्णाने तोवर प्रतीक्षागृहात अर्धा तास काढलेला असतो.

न्यू यॉर्कची वेगळी वाट

न्यू यॉर्कने मे २०२१ मध्ये ‘हीरो’ कायदा केला. तो कॅलिफोर्नियापेक्षा रुंद, पण उथळ आहे. दुकान, हॉटेल, कारखाना असा जवळजवळ प्रत्येक खाजगी मालक त्यात येतो. प्रत्येकाने हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी लेखी योजना तयार ठेवायची आणि कर्मचाऱ्यांना द्यायची. ती अमलात आणायची मात्र राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी रोग ‘गंभीर’ जाहीर केल्यावरच. कोविडसाठी तसं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालं आणि १७ मार्च २०२२ ला मागे घेतलं गेलं. तेव्हापासून या योजना माळ्यावर टाकलेल्या गणपतीच्या मखरासारख्या आहेत. आहेत खऱ्या, पण पुढच्या वेळी उतरवल्यावर कशाला वाळवी लागली आहे ते कळेल. एका दवाखान्यात आलेला एक गोवराचा रुग्ण आयुक्तांच्या घोषणेची वाट पाहत नाही. त्या कायद्यातली एक गोष्ट मात्र कॅलिफोर्नियानेही उचलावी अशी आहे: दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी कामगार आणि व्यवस्थापन यांची संयुक्त सुरक्षा समिती मागण्याचा हक्क.

व्हर्जिनियाने तर जुलै २०२० मध्ये देशातला पहिला कोविड-नियम केला, जानेवारी २०२१ मध्ये कायम केला आणि मार्च २०२२ मध्ये रद्दही केला. एका रोगाच्या नावाने केलेल्या नियमांचं आयुष्य इतकंच असतं. ५१९९ टिकला, कारण तो रोगाच्या नावावर नाही, हवेवर लिहिला आहे.

गाईचं दूध आणि डोळे

५१९९ ला जोडून ५१९९.१ आहे, प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या रोगांसाठी. बरीच वर्षं तो कोणी फारसा उघडला नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत बर्ड फ्लू सापडला, ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियात पोचला आणि १८ डिसेंबरला तिथल्या गव्हर्नरांनी आणीबाणी जाहीर केली. बाधित माणसांत बहुसंख्य गोठ्यांवरचे कामगार होते आणि अनेकांना खोकल्याआधी झाले ते लाल डोळे. कारण दूध काढण्याच्या जागी कामगार खोलगट भागात, गाईंच्या खालच्या पातळीवर उभा असतो आणि सड त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येतात. यंत्राचा कप निसटला की कच्च्या दुधाचा फवारा थेट डोळ्यांत. बाधित गाईच्या दुधात विषाणू प्रचंड असतो. इथे एन-९५ एकटा कामाचा नाही, कडेने बंद असणारा चष्मा आधी हवा. तो दमट हवेत पाच मिनिटांत धुकटतो आणि मग कपाळावर चढवला जातो. धुकं न धरणारे चष्मे आणि वाऱ्याची सोय नसेल तर योजनेत ‘चष्मा द्यावा’ लिहून काही होत नाही.

तीस वर्षांचा कागद

नियमातलं सर्वात कंटाळवाणं कलम नोंदींचं आहे, आणि कामगाराने सर्वात आधी वाचावं तेही तेच. प्रशिक्षणाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या. वैद्यकीय नोंदी मात्र नोकरी असेपर्यंत आणि त्यानंतर आणखी ३० वर्षं. कारण टीबीचा जंतू शरीरात शिरून वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो आणि मधुमेह, उतारवय किंवा एखादं औषध यांनी प्रतिकारशक्ती घसरली की उठतो. या नियमाखाली टीबीची चाचणी दरवर्षी होते ती याचसाठी. २०२४ ची चाचणी निगेटिव्ह आणि २०२५ ची पॉझिटिव्ह, असे दोन कागद शेजारी ठेवले की संसर्ग कोणत्या वर्षात, कोणाच्या नोकरीत झाला ते दिसतं. नोकरी बदलताना या नोंदींची प्रत मागून घ्यावी. आणि नव्या नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लेखी योजना पाहायला मागावी, तो हक्क आहे. तिच्यात ‘आयसोलेशनसाठी कुठे पाठवायचं’ या ओळीपुढे इस्पितळाचं नाव आणि फोन नंबर लिहिला आहे का, एवढं बघितलं तरी ती योजना कोणी खरोखर वापरतं का ते कळतं.